पावतीवरचं नाव

ही वही कुणाच्या हाती लागलीच तर आधी सांगते, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, त्यातही दोन वर्षं उर्दूत गेली, त्यामुळे ना ती नीट आली ना मराठी. अक्षर ओळीवर बसत नाही. गुडघ्यावर वही ठेवून लिहिते, तेही घरात कुणी नसताना. चारचौघांत मला बोलता येत नाही. म्हणून लिहिणं.

काल संध्याकाळी ह्यांच्या शाळेतले मास्तर ओसरीवर बसले होते. जिल्हा परिषद झाल्यापासून रोज नवीन परिपत्रक येतं. कालचं दवाखान्याच्या खर्चाचं होतं. बायकामुलांच्या औषधपाण्याचा खर्चही आता लवकर परत मिळणार म्हणे. एक मास्तर म्हणाले, "ह्याला म्हणतात सुधारणा!" हे मान हलवत होते. मी आत चहा गाळत होते. अर्धा चहा चुलीत गेला. बाहेरून आवाज आला, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही."

काही नाही कसं? पण ते मी बाहेर जाऊन सांगू शकले नाही. इथं सांगते.

माझे वडील निजामाच्या वेळी शाळेत शिपाई होते. घरात कुणी आजारी पडलं की ते चिठ्ठी घेऊन सरकारी दवाखान्यात जात आणि बाटलीभर लाल औषध घेऊन येत. ताप असो, खोकला असो, पोटदुखी असो, औषध तेच लाल. पण पैसे कुणी मागत नसे. विलीनीकरण झालं, पुढं माझं लग्न मास्तरांशी झालं, आणि मग नियम सुधारला. आता माणसाला मोठ्या दवाखान्यात नेता येईल, पैसे आधी आपण भरायचे, पावत्या जोडून दरखास्त करायची, मग सरकार परत देणार. हे समजावून सांगताना ह्यांचा चेहरा उजळला होता. मी विचारलं, "पण आधी भरायला आणायचे कुठून?"

"अगं, परत मिळतातच की!"

माझ्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं.

आम्ही तेव्हा जळकोटला होतो. आमची थोरली सहा वर्षांची. दसऱ्याच्या आधी तिच्या नडगीवर सूज आली. खेळताना लागलं असेल म्हणून शेकलं, लेप लावला. चौथ्या दिवशी ताप डोक्यात गेला आणि पोरगी पायाला वारा लागला तरी किंचाळू लागली. कंपाउंडर म्हणाला, हाडात पू झालाय, सोलापूरला न्या. जिल्ह्याच्या गावी जायचं तर दोन मोटारी बदलाव्या लागत. सोलापूर एका मोटारीत. शाळेत तपासणीला साहेब येणार होते, ह्यांना रजा मिळेना. ह्यांनी आम्हाला मोटारीत बसवून दिलं आणि पावत्या जपून ठेव म्हणून तीनदा बजावलं.

माझा धाकटा भाऊ सोलापूरला गिरणीत होता. तो मोटार अड्ड्यावर आला, पोरीला खांद्यावर घेऊन दवाखान्याच्या खिडकीपर्यंत सोडलं आणि पाळीची वेळ झाली म्हणून पळाला. "आक्का, नाव लिवून घे, म्या संध्याकाळी येतो."

खिडकीतल्या माणसानं पोरीचं नाव विचारलं. सांगितलं. मग विचारलं, "बापाचं नाव?"

 नवऱ्याचं नाव मी आजवर तोंडातून काढलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही सासूनं दोन चिमटे काढल्यावर.

"अहो बाई, बापाचं नाव?"

मागं रांग होती. एक म्हातारी म्हणाली, "नाव घ्यायला लाजती बघा." दुसरा कुणी म्हणाला, "का बाप न्हायच?" सगळे हसले. पोरगी माझ्या खांद्यावर कण्हत होती. तो माणूस टाक आपटून म्हणाला, "लवकर सांगा, नाहीतर बाजूला व्हा."

मी म्हटलं, "माझ्या भावाचं लिहा."

भावाचं नाव घेता येतं. खिडकीतल्या माणसानं ते इंग्रजीत खरडलं, पत्ताही भावाचाच टाकला आणि आम्हाला आत सोडलं. पुढच्या सगळ्या पावत्या त्याच नावावर फाटल्या. मला चौथीपर्यंतचं लिहिता येत होतं. कागद पुढं केला असता तर मी मुकाट्यानं लिहून दिलं असतं. पण लुगड्यातल्या बाईला लिहिता येत असेल हे त्याच्या मनात आलं नाही, आणि कागद मागावा हे माझ्या मनात आलं नाही. त्याच्यावर जेवढा राग आहे तेवढाच माझा माझ्यावर आहे.

पाय फाडून पू काढला. सतरा दिवस सुया टोचल्या. एकशे सदतीस रुपये आठ आणे झाले. ह्यांच्या दोन महिन्यांच्या पगाराहून जास्त. माझ्या पाटल्या भावानं सराफाकडं विकल्या. निघताना डॉक्टर म्हणाले, "आत मेलेल्या हाडाचा तुकडा आहे. तो सुटायला वेळ लागेल. तीन महिन्यांनी आणा, तो काढू. उशीर करू नका, वाढतं हाड आहे, वाकडं धरेल."

भाऊ अड्ड्यावर सोडायला आला. म्हणाला, "आमच्या गिरणीतबी विमा येणार म्हणत्यात. पगारातनं कापणार आन् दवाखाना फुकट."

"पोराबाळांनापण?"

"न्हाय, तूर्त कामगारालाच."

"मग पोरांनी आजारी पडायचं नाही म्हण की," मी म्हटलं. तो हसला. मला हसू आलं नाही.

ह्यांनी दरखास्त सुवाच्य अक्षरात लिहिली. पंधरा दिवसांत ती परत आली. शेरा होता, दवाखाना परराज्यातला आहे. तेव्हा सोलापूर मुंबई राज्यात आणि आम्ही हैदराबाद राज्यात. चार तासांची मोटार, पण सरकारच्या लेखी परमुलूख. आणि त्याच दिवाळीत मराठवाडा मुंबई राज्यात गेला. गावात पेढे वाटले. हे म्हणाले, "आता सोलापूर आपलंच. आता हरकत राहिली नाही." पुन्हा दरखास्त गेली.

तीन महिने भरत आले. जखम वरून मिटली होती, ती पुन्हा वाहू लागली. मी म्हटलं, "सोलापूरला नेऊ या. कुणाकडून तरी उसने घेऊ."

"आठ दिवसांत बिल येईल. सरकारी पैसा आहे, कुठं जातो? उगाच कुणापुढं हात कशाला पसरायचा?"

आठाचे पंधरा झाले, पंधराचे दोन महिने. ह्यांना मी दुष्ट म्हणणार नाही. पोरीला पाठुंगळी घेऊन शाळेत नेत. पण नियमावर माणसाचा इतका विश्वास असू नये. रोज मी जखम धुवायची, रोज हे टपालाची वाट बघायचे.

टपाल आलं. लाल शाईत लिहिलं होतं, पावतीवर पालकाचं नाव वेगळं आहे, सदर मुलगी अर्जदाराची असल्याचा पुरावा नाही.

ह्यांना इंग्रजी खरडा वाचता येत नव्हता, म्हणून कधी कळलंच नव्हतं. माझ्याकडं बघून म्हणाले, "हे काय?" मी खिडकीवरचं सगळं सांगितलं. हे रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. खाली बघून म्हणाले, "तू तरी काय करणार? रीतच आहे."

रीत! त्या रीतीखाली माझ्या पोरीचं हाड कुजत होतं.

मी म्हटलं, मला कचेरीत न्या. पोरीला घेऊन आम्ही तिघं गेलो. कारकुनाच्या टेबलासमोर हे हात जोडून उभे राहिले. कारकून पान खात होता. ह्यांना म्हणाला, "मास्तर, पोरगी तुमची, नाव मेव्हण्याचं. हे काय गौडबंगाल?" शेजारच्या टेबलावरचे हसले. हे सुद्धा कसनुसं हसले. त्या हसण्यानं माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं.

मी पुढं झाले. डोक्यावरचा पदर सावरला आणि ह्यांचं नाव घेतलं. नाव, ह्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव. मोठ्यानं. "ही त्यांची मुलगी आहे. मी तिची आई. माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार?"

 हे माझ्याकडं बघतच राहिले. मला वाटलं, झालं काम.

कारकुनानं सावकाश पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "बाई, तुम्ही बोललात ते ऐकलं. पण फायलीत आवाज लावता येत नाही. दवाखान्याकडून दुरुस्तीचं पत्र आणा, तहसीलचं प्रतिज्ञापत्र आणा."

जन्मभर जे नाव गिळून ठेवलं ते मी बाहेर काढलं, आणि त्याची किंमत त्या पानाच्या पिंकेइतकीही झाली नाही.

दुरुस्तीच्या पत्रासाठी सोलापूरला जावंच लागलं. खिडकीवर तोच माणूस होता. त्यानं विचारायच्या आत मी कागद मागितला आणि नाव लिहून त्याच्यासमोर सरकवलं. तो म्हणाला, "लिहिता येतं व्हय तुम्हाला?"

डॉक्टरांनी पोरीचा पाय हातात घेतला. दुसऱ्या पायाशी जोडून पाहिला. "मी तीन महिने म्हणालो होतो. आठ झाले."

मी म्हटलं, "बिल आलं नाही."

त्यांनी तुकडा काढला. स्वतःची फी घेतली नाही, औषधाचं भावानं भरलं. पू थांबला, जखम सुकली. पण हाड वाकडं धरलं होतं ते धरलंच. तो पाय दोन बोटं आखूड राहिला. डॉक्टर म्हणाले, आता ह्याला इलाज नाही, वेळेवर आणलं असतं तर निभावलं असतं. आणि हे त्यांनी माझ्याकडं बघून म्हटलं, कारण समोर मीच होते. कारकून नव्हता, परिपत्रक काढणारा नव्हता.

पत्र गेलं, प्रतिज्ञापत्र गेलं. मग काही महिने फाईल वरच्या कचेरीत होती म्हणे. एव्हाना आणे जाऊन नये पैसे आले होते, आठ आण्यांचे पन्नास.

पुढच्या साली, संक्रांत झाल्यावर, हे एका दुपारी शाळेतून लवकर आले. टोपीही काढली नाही. खिशातून पाकीट काढून नोटा आणि चिल्लर माझ्यापुढं पाटावर मांडली. "बघ. म्हटलं नव्हतं? एक पैसा कापला नाही."

पोरगी उंबऱ्यात उभी होती, चांगल्या पायावर भार देऊन. "आई, कसले पैसे?" तिनं विचारलं.

ह्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. मी पाटावरचे पैसे मोजले, पुन्हा मोजले. एकशे सदतीस रुपये, पन्नास नये पैसे. सरकारनं पूर्ण दिले होते.