पाव किलो फणस

बाबांनी घरचा माग विकला तेव्हा त्याचा खड्डा तसाच उरला. विणताना पाय सोडून बसायचा तो खड्डा. वरचं छप्पर काढून, खड्ड्यात माती आणि शेणखत भरून बाबांनी तिथे फणस लावला. सात-आठ वर्षं झाडाने नुसती पानं दाखवली. मग एकदाचं धरलं ते असं, की पार बुंध्यालाही फणस लगडले.

आमच्या नागपुरात फणस म्हणजे कच्च्या फणसाची मसालेदार भाजी. गरेबिरे कोकणातल्यांनी खावेत. पण फणस चिरणं म्हणजे मोठा व्याप. धाकटा भाऊ पावशी, म्हणजे विळी, पायाखाली दाबून बसायचा आणि मी त्याच्या हातांना, पात्याला तेल लावायचे. चीक दिसला की पुन्हा तेल. त्याचे हात गुंतलेले, म्हणून त्याच्या नाकावरची माशीही मीच हाकलायचे.

आईबाबा गेल्यावर घराची वाटणी झाली. चार हात जागेवरून आम्ही बोलू नये ते बोललो. अंगणात भिंत आली आणि झाड माझ्या बाजूला राहिलं.

"झाड तुह्या वाट्याले आलं न, मंग फणसं तूच खाय," तो म्हणाला.

"खाईन," मी म्हणाले. मी लग्न केलं नाही, आणि ऐकून घ्यायची सवयही लावून घेतली नाही.

तेव्हापासून फणस झाडावरच पिकतात, पडतात, त्यांवर माश्या घोंघावतात. एकदा मी एकटीच चिरायला बसले. हात चिकाने बरबटले आणि तेलाची वाटी लांब राहिली. ती सरकवायलाही घरात कोणी नव्हतं. मला रडूच आलं. अर्धा चिरलेला फणस तसाच टाकून दिला.

मग मी चिरलेला फणस विकत आणू लागले. तोही वस्तीतल्या भाजीवाल्याकडून नाही. घरी झाड असून विकत घेते, हे त्याने चार जणींना सांगितलं असतं. म्हणून मेट्रोने थेट सीताबर्डीचा बाजार.

गेल्या एप्रिलमध्ये तिथेच भाऊ माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. केस पुरते पांढरे झालेले, हातात कापडी पिशवी. एवढ्याशा भाजीसाठी तो इतक्या लांब का आला, हे मला विचारायची गरज नव्हती.

"अर्धाच किलो उरला. दोघाईले वाटून देऊ काय?" भाजीवाल्याने विचारलं.

घरी झाडाला वीसेक फणस होते. 'चल घरी, मी तेल लावते,' एवढंच म्हणायचं होतं. जीव तुटत होता माझा. तोही माझ्या तोंडाकडे बघत होता. मोठी मी होते, बोलायचं मीच होतं.

"द्या वाटून," मी म्हणाले.

भाजीवाल्याने अंदाजाने दोन वाटे केले. एक जरा मोठा झाला.

"मोठा यांले द्या," भाऊ म्हणाला. ताईले नाही, यांले. पैसे देऊन तो गर्दीत शिरला. मी हाक मारली नाही.

घरी येऊन आईच्या पद्धतीची भाजी केली. थोड्या वेळाने भिंतीपलीकडूनही त्याच मसाल्याचा वास आला. मी ताट वाढून घेतलं. त्याने दिलेला मोठा वाटा मला एकटीला संपला नाही.