जिलबीच्या गल्लीत वाजवायचं नाही

सुकलालनानांचं पोट वरातीवर चालायचं, आणि तेच नाना गल्लीच्या तोंडाशी उभे राहून इथे वाजवू नका म्हणून बँडवाल्यांना हात जोडायचे, "भाऊ, आठे वाजाडू नको." चोपड्याजवळच्या त्यांच्या गावात याची इतकी सवय झाली होती की नवीन सोयरीक जुळली की हुंड्या-मानपानाआधी हा नियम सांगून टाकत. नानांकडे नवरदेवाला बसवायची घोडी होती. जिलबी तिचं नाव. ताशा कडाडला की ती जागच्या जागी अशी गोल फिरायची की फेटा सावरावा की स्वतःला, हे नवरदेवाचं ठरेपर्यंत वरात मांडवात पोचलेली असायची.

मी अमळनेरला जनावरांची डॉक्टर. नाना पहिल्यांदा आले ते जिलबीला टेम्पोत घालून. सिमेंटच्या रस्त्यावर नाचताना तिच्या पुढच्या पायामागची, दोरीसारखी असते ती शीर, म्हणजे टेंडन, दुखावली होती. सोनोग्राफीत त्या शिरेत मधोमध चक्क भोक दिसलं. गावात कुणी म्हणालं तापल्या सळईचा डाग द्या, कुणी म्हणालं विकून मोकळे व्हा. नाना दोन्हीला तयार नव्हते. ती पुन्हा नाचली पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मी म्हटलं, नवा उपचार आहे. तिच्याच शेपटीच्या बुडाजवळची थोडी चरबी काढायची, त्यातल्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, लॅबमध्ये वाढवायच्या आणि त्या भोकात सोडायच्या. नवीन धागे धरतील अशी आशा आहे, खात्री नाही. लॅब माझ्या वर्गमित्राची होती आणि त्याला प्रयोगासाठी अशी घोडी हवीच होती, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नव्हता. नानांचा चेहरा मात्र कोरा. मग मी हुशारी केली. म्हटलं, "नाना, केळीचं टिश्यू कल्चर असतं ना, तसंच." नाना एकदम खुलले. अर्धं आयुष्य केळीच्या बागेत काढलेला माणूस! काय सोपं करून सांगितलं, म्हणून मीच माझी पाठ थोपटून घेतली.

आठ दिवसांनी दवाखान्यात तीन माणसं हजर. तिघांनाही जिलबीचं एकेक शिंगरू हवं होतं. नानांनी त्यांचे नंबर लावून दिले होते. एका कंदापासून शेकडो रोपं होतात, तर एवढ्या चरबीतून पाच-पंचवीस घोड्या तरी निघतीलच, असं त्यांनी धरलं होतं. एकाने तर पांढराच रंग पाहिजे अशी अटही घातली. घोड्या निघणार नाहीत, फक्त शीर भरेल, हे समजावताना माझ्या घशाला कोरड पडली. नाना जरा खट्टू झाले. मग हळूच म्हणाले, "मंग उरेल पेशी माले परत भेटतीन ना?"

पेशी सोडल्या आणि मी ताकीद दिली: सहा महिने नाच बंद. रोज मोजकी मिनिटं धरून चालवायची, बस्स. आता नाच बंद, हे घोडीला कोण सांगणार? त्यात लग्नसराई तोंडावर. नानांनी तिच्या कानात कापूस घातला, तिने मान झटकून तो त्यांच्याच अंगावर उडवला. मग नानांनी अख्खं गावच गप्प करायला घेतलं. शाळेचं लेझीम पथक लांबून वळायला लागलं, शेजाऱ्याने मोबाइलची ढिंच्याक ट्यून बदलली. मी फोन करून विचारायची, फरक आहे का? उत्तर ठरलेलं, "पहिले घड दिखू दे, ताई." रोप कितीही तरारलं तरी घड लागेपर्यंत त्याचं कौतुक करायचं नाही, हा त्यांचा बागेतला नेम.

पाचव्या महिन्यात त्यांच्या मुलीचं, सुनंदाचं लग्न आलं. सोयरीक जिलबीच्या दुखण्याआधीची, त्यामुळे नियम कुणी सांगितलेलाच नव्हता. वऱ्हाड शिरपूरचं, बँड चोपड्याचा. मांडव दारातच आणि मागे जिलबी. तिला दुसरीकडे हलवा म्हटलं तर टेम्पोत चढताना पाय घसरला तर, म्हणून तेही नको. नाना वेशीवरच वऱ्हाडाला आडवे गेले. व्याही भडकले. पोराचं लग्न काय चोरून लावतोय का, म्हणाले, गाड्या परत फिरवतो. नानांच्या घरच्या, आमच्या अक्का, पदराचं टोक चावत उभ्या. लग्नाला आलेल्या मलाही नानांचा भयंकर राग आला. एका घोडीपायी पोरीचं लग्न मोडायला निघाला हा माणूस!

नानांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "भाऊ, माले दोन पोरी शेतस. एकनं लगीन शे, दुसरी आजारी शे. आजारी पोरना उशाजोडे कोणी वाजा वाजाडस का?"

व्याही काही बोलायच्या आत बँडमधल्या म्हाताऱ्या भिकाभाऊंनी आपलं क्लॅरिनेट पेटीत ठेवलं. त्यांच्या सुरावर जिलबी कितीतरी वराती नाचली होती. व्याह्यांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा नानांकडे, आणि चालायला लागले. वरात चपलांच्या आवाजात मांडवात आली. भटजींनी मंगलाष्टकं दबक्या आवाजात म्हटली आणि "सावधान" तर कानात सांगितल्यासारखं.

पुढच्या सोनोग्राफीत भोक भरलेलं दिसलं. मी म्हटलं, नाना, आता थोडं थोडं नाचू द्या. "घड दिखू दे," म्हणाले. अहो, नाचल्याशिवाय घड दिसणार कसा! पण बंदी काही उठली नाही. ते पुन्हा बागेत कामाला जायला लागले आणि जिलबी खाऊन-पिऊन गल्लीत फेऱ्या मारायला लागली. मला फार उशिरा कळलं की नाना घाबरले होते. बघायला जावं आणि घड लागलेलाच नसावा, याला ते घाबरत होते.

गेल्या पौषात नाना झोपेतच गेले. निरोप मिळताच मीही गावात पोचले. भरल्या वयाच्या माणसाला वाजतगाजत न्यायची रीत, म्हणून भिकाभाऊ बँड घेऊन आपणहून आले आणि सवयीने गल्लीच्या तोंडाशीच थांबले. वाद्यं काखेत. पुढे व्हा म्हणायला कुणी धजेना. तेवढ्यात अक्का डोळे पुसत दारातून पुढे आल्या.

"वाजाडा," म्हणाल्या. "ती बरी शे."

क्लॅरिनेटचा सूर निघाला. मान खाली घालून उभ्या असलेल्या जिलबीने कान टवकारले, पुढचा पाय उचलला आणि जागच्या जागी गोल फिरली. एकदा, मग पुन्हा. सगळी गल्ली रडत होती. मी मात्र रडायचं सोडून तिच्या पायाकडे बघत होते. पूर्ण भार टाकत होती, अजिबात लंगडत नव्हती.

तिरडी उचलण्याआधी मी पुढे झाले आणि वाकून म्हणाले, "नाना, घड दिसला."