पित्ताशयाची रिकामी जागा

आईच्या उजव्या बरगडीखाली दुखायचं, म्हणून तिला सोनोग्राफीला नेलं होतं. अंधाऱ्या खोलीत डॉक्टर तिच्या पोटावरून यंत्राचं थंड टोक फिरवत होते आणि पडद्यावर करडं धुकं सरकत होतं.

"मावशी, उपाशीपोटी यायचं होतं. चहा पिऊन आलात ना? पित्ताशय आकसलंय, दिसतच नाही."

"पाण्याचा थेंबही नाही हो घेतला."

"मग आधी ऑपरेशन करून काढलंय का?"

आई नाही म्हणाली. तिच्या पोटावर एकही व्रण नव्हता. तरी डॉक्टर हसले. "पेशंट काय, काहीही सांगतात." आकसलेलं पित्ताशय, आत खडे असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो रिपोर्ट पाहून सर्जन लगेच ऑपरेशनला तयार झाले. मी अडून बसले: आधी एमआरआय, मगच सुरी.

एमआरआयमध्ये पित्ताच्या नळ्या पानगळीतल्या फांद्यांसारख्या पांढऱ्या उजळल्या होत्या. पित्ताशयाच्या जागी नुसता काळोख होता.

"जन्मतःच नाहीये," सर्जन हळू आवाजात म्हणाले. "आम्ही पोटात शोधत बसलो असतो."

नसलेली वस्तू शोधणारे ते हात अजून माझ्या डोळ्यांसमोर येतात. माणूस पुस्तकातल्या चित्राशी जुळला नाही, की खोटा माणूसच ठरतो. हा कुठला न्याय?

घरी आल्यावर आई बरगडीखाली तळहात दाबून बसली.

"पण दुखतं ते इथेच गं," ती म्हणाली. "जिथे काही नाही, बरोबर तिथेच."