मार्सेलाने काढलेला आमचा हॉल

भुताखेतांच्या अनुभवांच्या या पानावर मी आजवर फक्त खोड्या काढायला आलेय. कुणी लिहिलं की पिंपळाखाली बाई दिसली, की खाली मीच विचारणार - चष्म्याचा नंबर काय? त्यामुळे आज तुम्ही माझी खेचलीत तरी तक्रार नाही. मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मोजल्याशिवाय सही करत नाही. हे प्रकरण मात्र सगळीकडून मोजून झालं, तरी सही होत नाहीये...

घर बदलापूर वेस्टला, बेलवलीत. वन बीएचके. आई, पप्पा आणि मी. पप्पा उल्हासनगर कॅम्प चारला जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर. सिंधी शेठशी जन्मभर हिंदीत तावातावाने भांडले, पण समोरचा इंग्लिशमध्ये बोलला की यांची बोलती बंद. त्यामुळे गेल्या वर्षी कंपनीने मला आठ आठवडे माल्टाला इंग्लिश शिकायला पाठवायचं ठरवलं, तेव्हा माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद झाला. अख्ख्या बिल्डिंगला पेढे! निघताना दारात म्हणाले, "परीक्षा देऊनच यायचं. बीच में नहीं आने का, काय?" खोकत होते, पण तो कापडाच्या धुळीचा खोकला माझ्या जन्माआधीपासूनचा. मी लक्ष दिलं नाही.

शाळेत आमच्या वर्गात बारा जण, आणि सगळ्यांचं इंग्लिश सारखंच लंगडं. माझी पार्टनर मार्सेला, कोलंबियाची, चाळिशीची, तिकडे बेकरी चालवणारी. सकाळी अकराला स्पीकिंगचा तास असायचा. अकरा म्हणजे आपल्याकडचे दुपारचे अडीच. पाचव्या आठवड्यात बाईंनी एक खेळ दिला - आपल्या घरातली एक खोली पार्टनरला इंग्लिशमध्ये सांगायची, तिने ऐकून चित्र काढायचं.

मी आमचा हॉल सांगितला. डावीकडे सोफा, समोर टीव्ही, खिडकीत तुळस. एवढंच. माझ्या इंग्लिशमध्ये त्याहून जास्त सामान मावतही नव्हतं.

मार्सेलाने कागद वळवला. टीव्ही होता, तुळस होती. पण सोफा नाही! त्याच्या जागी कॉट, कॉटवर एक म्हातारा माणूस. कॉटच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा. कॉटच्या दांडीला दोरीने लटकवलेली छोटी घंटा. शेजारी प्लास्टिकची खुर्ची आणि खुर्चीवर एक मुलगी.

मी हसले. "सोफा, मार्सेला, सोफा! आमच्याकडे हॉस्पिटल नाहीये."

ती हसली नाही. तुटक इंग्लिशमध्ये म्हणाली, "तू बोलत होतीस, मला हे दिसत होतं. सॉरी."

"आणि ही मुलगी कोण?"

"तू," ती म्हणाली.

मग मात्र माझं डोकं चालायला लागलं. तीन आठवडे आई व्हिडिओ कॉल किचनमधूनच करत होती. पप्पा कधी कामावर, कधी झोपलेले. एकदा मागे घंटा वाजली, तर म्हणाली पूजा चाललीय. भर दुपारी कसली पूजा? आमच्याकडे सकाळी सातलाच देव उरकतात.

तास संपताच मी फोन लावला. "आई, फोन हॉलमध्ये ने."

"अगं, पसारा आहे नुसता..."

"ने म्हटलं ना!"

आई रडायला लागली. मग तिने कॅमेरा फिरवला. सोफा गायब. कॉट. विटा. देवघरातली घंटा, निळ्या नायलॉनच्या दोरीने बांधलेली. पप्पांची फुप्फुसं गेली होती. डॉक्टरांनी उशाकडची बाजू उंच ठेवायला सांगितली होती, आणि हाक मारायला आवाज उरला नव्हता म्हणून घंटा.

"त्यांनी शपथ घातली गं," आई म्हणाली. "परीक्षेआधी तिला कळवायचं नाय."

लांब असलेल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही, ही आमच्या घरातली रीतच आहे. काका मस्कतला होता, त्याला आजोबा गेल्याचं सुट्टीवर आल्यावर सांगितलं होतं. तेव्हा मला ते समजूतदारपणाचं वाटलं होतं. आता इतका राग आला की फोनवर ओरडलेच.

तिसऱ्या दिवशी निघाले. परीक्षा सोडली. निघताना मार्सेलाने चित्राची घडी माझ्या हातात दिली आणि मला घट्ट धरलं. वाटेत माझ्या डोक्यात एकच होतं - पप्पा भेटतील ना?

घरी पोचले तेव्हा दुपार होती. पप्पा जागे होते. मी बॅग टेकवली आणि खुर्चीवर बसले. शिव्या पडणार याची खात्री होती. त्यांनी बघितलं, दम घेतला आणि पुटपुटले, "आज बॅग घेऊन आलीस?"

"पप्पा, मी आत्ताच येतेय."

"आत्ता काय! रोज तर येतेस. बसतेस, बोलत काय नाहीस. परीक्षा बुडवतेस म्हणून मला राग यायचा... पण बरं पण वाटायचं."

मी आईकडे बघितलं. ती किचनच्या दारात उभी होती. "रोज अडीचला घंटा वाजवतात," ती हळू आवाजात म्हणाली. "पोरगी आलीय, तिला चहा टाक म्हणून. मी आणून ठेवते खुर्चीपाशी. निवला की मीच पिते."

पप्पा त्यानंतर नऊ दिवस होते.

डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन कमी पडला की भास होतात. मान्य. घंटा मी कॉलवर ऐकली होती, ती माझ्या बोलण्यात कुठेतरी आली असेल. तेही मान्य. पण विटा? कॉट? मी चित्र हॉलमध्ये धरून बघितलंय. खुर्चीसुद्धा बरोबर तिथेच आहे, भिंत आणि कॉटच्या मध्ये. मार्सेलाला दोनदा विचारलं, तर तिलाही माहीत नाही. ती फक्त पप्पांबद्दल विचारते.

मला भीती वाटत नाही. त्रास वेगळ्याच गोष्टीचा होतो. तीन आठवडे रोज दुपारी मी पप्पांपाशी बसले असेन, तर त्यातली एकही दुपार मला का आठवत नाही?