गुळाच्या डब्याचं कुलूप

पहिल्या बाळंतपणाआधी, सातव्या महिन्यात, बुलढाण्याच्या दवाखान्यात माझ्या लघवीत साखर निघाली. डॉक्टरीणबाईंनी गोड बंद केलं. तरी दर तपासणीला नळीतल्या निळ्या औषधात माझी लघवी घालून तापवली की ते विटकरी व्हायचं, म्हणजे साखर होतीच.

"चोरून गूळ खाऊन राह्यली तू," म्हणत सासूबाईंनी डब्याला कुलूप घातलं. मला वाटे, त्याच माझ्या भाजीत गूळ टाकतात.

शेवटी मी त्यांच्यासमोरच डॉक्टरीणबाईंवर चिडले. "साखर उतरावी म्हणून आठवड्यातून चार दिवस उपास धरते मी."

"उपासाला काय खाता?"

"साबुदाणा, रताळी."

"त्याचीही पोटात साखरच होते, बाई."

घरी येताच सासूबाईंनी गुळाचं कुलूप काढलं आणि साबुदाण्याच्या डब्याला लावलं.