मेला की पळाला

नेमसिंग मेला की पळाला, हे ठरवायचं काम तांड्यानं त्याच्या बायकोवर टाकलं.

तांडा बंजाऱ्यांचा, शिरड शहापूरच्या पलीकडे, माळ उतरतो तिथं. नव्वद साली नेमसिंग जवळा बाजारातून कापसाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढला तो परत आला नाही. मागे राहिली बायको मिराबाई, रांगणारी शिला, आई शालूबाई आणि धाकटा भाऊ हरिचंद. पहिल्या वर्षी लोकांनी वाट पाहिली. दुसऱ्या वर्षी विषय काढला. तिसऱ्या वर्षी थट्टा सुरू झाली. मिराबाई पाण्याला निघाली की तिच्या केसांतली चांदीची घुगरी वाजायची आणि ओट्यावरून कुणीतरी म्हणायचं, "वाजिव बाई, वाजिव. ऐकायला कोण हाय?"

केसांत घुगरी आणि दंडावर पांढरा चुडा, ही नवरा असल्याची खूण. नवरा गेला की दोन्ही उतरतात. मिराबाईच्या अंगावर दोन्ही होती, आणि नवरा नव्हता. तांड्याला हे खुपत होतं. मेलेलं ढोर ओढून तरी नेता येतं. हे तसंच दारात पडलेलं.

नसाब बसली. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. नायक धर्मसिंग लिंबाखाली मांडी घालून बसला. म्हणाला, "हे बग मिरा. मेला असंल तर चुडा काढ. दीर तुज्यावर पांघरूण टाकंल, त्याची बायकू म्हनून ऱ्हाशील. घर हाय, लेकरू तुज्यापाशी. पळाला असंल तर तू टाकलेली. चुडा तसाच ठिव अन् बापाच्या तांड्यावर जा. लेकरू मातर आमच्या रक्ताचं, ते हितंच ऱ्हाईल."

"नायक, मला काय ठावं त्यो कुटं हाय?"

"बायकोला ठावं नसंल तर कुणाला? पाण्याचा तांब्या हातात धरून तू सांगशील ते खरं. खोटं निगालं तर पाप तुजं. आमचं न्हाई."

हरिचंद कडेला बसून काडीनं दात कोरत होता. "वैनी, मेलाच म्हन. मी काय वंगाळ हाय का?"

लोक हसले. हरिचंदला मिराबाई ओळखून होती. बैलाच्या शेपटीला पीळ देताना तो हसायचा. बैल चालत असला तरी द्यायचा. आणि शिला, जी रात्री आईची घुगरी मुठीत धरल्याशिवाय झोपत नव्हती, ती पळाला म्हटलं तर त्याच घरात एकटी मागे राहणार, मेला म्हटलं तर दोघी मिळून राहणार. मिराबाईनं पुढच्या बाजारापर्यंत मुदत मागितली. नायकानं दिली. त्याला घाई नव्हती.

जवळा बाजारात बांगड्यावालीनं तिला बाजूला घेतलं. "तुजा मालक कनेरगाव नाक्यावर भजी तळून राहिला. म्या डोळ्यांनी बगितला."

दुसऱ्या दिवशी माहेरी जाते सांगून मिराबाई निघाली. हिंगोलीत उतरली, वाशीमकडची काळीपिवळी जीप धरली. नाक्यावरच्या तिसऱ्या ढाब्यात तो होता. अंगावर चांगला सदरा, पोट सुटलेलं. आतून एका बाईनं त्याला हाक मारली आणि तो "आलो, आलो" म्हणाला. ते 'आलो' मिराबाईनं नीट ऐकलं.

त्यानं तिला पाहिलं. दचकला नाही. बाकड्यावर बसवलं आणि भज्यांची ताटली पुढं ठेवली, गिऱ्हाइकापुढं ठेवावी तशी.

"काहून आलीस?"

"एकडाव चल. नायकापुढं उभा ऱ्हा. ठिवतो म्हन, न्हाईतर सोडतो म्हन. लोक मला ईचारून राहिले, मेला का पळाला."

नेमसिंगनं तिच्या ताटलीतलं भजं उचलून तोंडात टाकलं. लहानपणी बैलावरून पडून त्याचा जबडा मोडला होता, वेडावाकडा सांधला. चावताना टक् टक् वाजायचा. शालूबाई पूर्वी बाहेरूनच ओळखायची, पोरगा जेवतोय म्हणून.

"तुला सोपं पडंल ते सांग," तो म्हणाला. "मेलो सांग, पळालो सांग. मला दोनी बराबर."

कढईत नवा घाणा पडला. फेस वर आला आणि बसला.

"पोरगी केवढी झाली?" त्यानं विचारलं.

मिराबाईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "मेली."

"कवा?" म्हणत त्यानं भजी उलटली. एकही करपू दिलं नाही.

तिनं ताटली संपवली. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि भजी चांगली होती. पदराला हात पुसून ती उठली.

लिंबाखाली तांब्या हातात धरून तिनं सांगितलं, "मेला. गाडी उलटली. तिकडंच जाळला." आवाज हलला नाही. सगळ्यांचं समाधान झालं.

एका शालूबाईचं झालं नाही. तिनं मातीत डोकं आपटलं. "माज्या आदी कसा गेला रं?" म्हणत ती लोळली. मिराबाई दोन पावलांवर उभी होती. एक शब्द बोलली असती तर म्हातारीचं रडणं थांबलं असतं. शिला पायाला बिलगून होती. मिराबाई तो शब्द बोलली नाही.

चुडा शालूबाईनंच फोडला. इतकी वर्षं दंडात रुतलेला, निघेना. दगडावर हात ठेवून दगडानं फोडला. दोन घाव चुडा सोडून दंडावर पडले. चुकून की कसे, ते मिराबाईनं कधी विचारलं नाही. हरिचंदनं तिच्यावर पांघरूण टाकलं. घुगरी त्यानंच नेली आणि हिंगोलीत आटवून स्वतःला कडं केलं. पुढं त्याच कड्याचा हात तिच्यावर पडत राहिला. काही दिवस शिला झोपेत मूठ आवळून काहीतरी शोधायची. मग तेही सुटलं.

हिंगोली जिल्हा झाला. तांड्यापर्यंत डांबर आलं. शालूबाईचे डोळे गेले. ती दाराशी बाजेवर बसून असायची. मिराबाई तिला न्हाऊ घालायची, भाकरी कुस्करून द्यायची. पोरगा गेला तरी सुनेनं सोडलं नाही म्हणून तांडा मिराबाईचं नाव घेई. शिला मोठी झाली, तिचं जमलं. लग्न तोंडावर आलं होतं, तेव्हा एका दुपारी लिंबाखाली एक माणूस येऊन बसला.

हाडं आणि खोकला. दाढी पांढरी. ढाब्यावरच्या बाईनं कामाला येईना तेव्हा बाहेर काढलं असावं. पोरं जमली. हरिचंद लग्नाच्या बाजाराला हिंगोलीला गेला होता. धर्मसिंगही म्हातारा झाला होता. काठी टेकत आला, निरखून पाहू लागला. मग त्यानं मिराबाईला बोलावलं.

"मिरा, ह्यो मानूस तुजं घर ईचारून राहिला. नेमसिंग हाय म्हनतो. वळख हाय का?"

व्हय म्हणावं, तर तांब्या खोटा. हरिचंदबरोबरची इतकी वर्षं छिनाली. शिलाचं लग्न आजच मोडलं. न्हाई म्हणावं, तर हा माणूस रस्त्यावर मरणार, या आठवड्यात नाही तर पुढच्या. तेवढ्यात हळद वाटता वाटता शिला हात पुसत बाहेर आली, आईला म्हणाली, "याडी, कोण हाय?"

त्या माणसानं शिलाकडं पाहिलं, मग मिराबाईकडं. "ही तर..." म्हणाला आणि खोकला आला.

"वळख न्हाई," मिराबाई म्हणाली. "भुकेला हाय बिचारा. कुनाचंबी नाव सांगतो. जेवला की जाईल."

तिनं त्याला दारात बसवलं, शालूबाईच्या बाजेपासून हातभर अंतरावर. भाकरी, पिठलं, कांदा वाढला, गिऱ्हाइकाला वाढावं तसं. तो मान खाली घालून खाऊ लागला.

टक् टक्. टक् टक्.

शालूबाईचा जपाची माळ ओढणारा हात थांबला. मान त्या दिशेला वळली. मिराबाई भाकरी थापायची थांबली, तव्यावरची जळू लागली. आता म्हातारी ओरडणार. घरातून हळदीचा वास येत होता, शिला काहीतरी गुणगुणत होती. म्हातारीनं तेही ऐकलं. तिचे ओठ हलले आणि मिटले.

माणसानं ताट बोटानं पुसून खाल्लं. पाणी प्याला. धर्मसिंगनं काठीनं वाट दाखवली आणि तो डांबराच्या दिशेनं गेला. खोकला बराच वेळ ऐकू येत होता.

मिराबाईनं ताट उचललं. राखेनं घासलं, दोनदा.

"मिरा," शालूबाई म्हणाली.

"काय याडी?"

"पोटभर वाडलं व्हतं ना?"