निळी बोटं

नातीच्या शाळेत आरोग्य सप्ताहात लाल साबण वाटला. कागद सोडताच तो उग्र वास आला आणि मी पुसदच्या शाळेत, चौथीतल्या नखतपासणीच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

अब्बा रंगारी. त्यांच्यासोबत लुगडी रंगवून माझी बोटं कायम निळी असायची.

"हात काहून नाही धुतले?" गुरुजींनी विचारलं.

"धुतले, गुरुजी. मळ नोहे, रंग हाये हा."

त्यांनी पट्टी मारली आणि विटेच्या तुकड्यानं बोटं घासायला लावली. रक्त आलं, पण रंग गेला नाही. त्यांनी माझे हात नुसते हुंगले असते, तरी याच साबणाचा वास आला असता.

सवय मात्र शाळेनं पक्की लावली. सत्तरी उलटली, रंग केव्हाच गेला, तरी कोणी जवळ आलं की माझे हात पदराखाली जातात.